झोपाळू की झोपेने ग्रासलेला? : ‘पिकविक पेपर्स’मधील जो आणि दिवसा येणारी झोप

प्रास्ताविक

निद्रानाशाला साहित्यात नेहमीच प्रतिष्ठा लाभलेली आहे. मॅकबेथची झोप उडते तेव्हा ती शोकांतिकेची सामग्री ठरते. विरहिणीची रात्र सरत नाही, तेव्हा तिचे काव्य होते. याउलट भर दिवसा ज्याचे डोळे मिटतात, तो मनुष्य बहुधा प्रहसनाच्या वाट्याला येतो. दरबारात घोरणारा प्रधान किंवा पहाऱ्यावर पेंगणारा शिपाई रंगमंचावर आला की प्रेक्षक हसू लागतात. त्या मनुष्याला झोप का आवरत नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. चार्ल्स डिकन्सच्या ‘द पिकविक पेपर्स’ (१८३६-३७) या कादंबरीतील जो हा लठ्ठ मुलगा या परंपरेतलाच होय. मात्र त्याच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट घडली. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर सुमारे १२० वर्षांनी वैद्यकशास्त्राने त्याला रुग्ण म्हणून ओळखले. या ओळखीमुळे जोला न्याय मिळाला काय, आणि मिळाला असल्यास तो कितपत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कादंबरीतील जो

जो हा डिंग्ली डेल येथील मिस्टर वॉर्डल यांचा नोकर. चौथ्या प्रकरणात तो प्रथम दिसतो, तो बग्गीच्या पुढच्या बैठकीवर झोपलेला. समोर लष्करी कवायत चालू आहे, तोफा-बंदुका धडाडत आहेत, स्त्रिया दचकत आहेत. जो मात्र स्वस्थ झोपला आहे. त्याला जागे करायचे तर पायाला चिमटा काढावा लागतो. तो निरोप पोहोचवायला निघाला तरी झोपेत चालतो आणि पंक्तीत वाढताना घोरतो, असे वॉर्डल पाहुण्यांना सांगतात. तक्रारीइतकेच त्यात कौतुकही आहे. हा मुलगा म्हणजे निसर्गाचा एक चमत्कार असून आपण त्याला कधीही सोडणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मालकाची ही भूमिका दुर्लक्षिण्याजोगी नाही. वॉर्डल शिव्या घालतात, पण नोकरीवरून काढत नाहीत. जोचे पोट त्यावर चालते. अर्थात त्या बदल्यात त्याला घरातील गंमत म्हणून मिरवून घ्यावे लागते.

डिकन्सने जोला केवळ झोपणारा पुतळा केलेले नाही, हे आठव्या प्रकरणावरून स्पष्ट होते. टपमन आणि रेचेल यांचा लतामंडपातील प्रणय नेमका त्याच्याच दृष्टीस पडतो. तो क्षणी पूर्ण जागा असतो आणि पाहिलेले सर्व तो वृद्ध मालकिणीला, तिच्या अंगावर काटा यावा अशा बेताने, सांगतो. जो झोपलेलाच असणार, या घरातील सर्वांच्या खात्रीमुळेच हे घडू शकते. झोपाळू मनुष्याला आजूबाजूचे काही कळत नाही, हा समज येथे कथानकाच्या पातळीवर खोटा ठरतो. जोच्या व्यक्तिरेखेत विसंगती आहे, असा आक्षेप या प्रसंगावर घेता येईल. तो टिकणारा नाही. दिवसा झोप येणाऱ्या व्यक्तीची जागृती सारखी नसते. कुतूहल, भीती, भूक अशा उत्तेजनाने ती काही काळ लख्ख होते आणि उत्तेजन सरताच पुन्हा मंदावते. पाहणारे मात्र यावरून भलताच निष्कर्ष काढतात: ‘हवे तेव्हा बरा जागा राहतो!’ महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याविषयी हे वाक्य किती सहज उच्चारले जाते, हे वाचकांना सांगावयास नको.

वैद्यकाने वाचलेला जो

१९५६ मध्ये बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात, अतिस्थूलता आणि मंद श्वसन यांच्या संयोगाला ‘पिकविकियन सिंड्रोम’ असे नाव दिले. त्यांचा रुग्ण ५१ वर्षांचा एक व्यावसायिक होता. त्याचे वजन २६० पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ११८ किलो होते. पत्त्यांच्या साप्ताहिक बैठकीत हाती एक्के आणि बादशहा यांची उत्तम पाने असताना त्याला झोप लागली, डाव हातचा गेला आणि त्यानंतर तो रुग्णालयात दाखल झाला. शास्त्रीय लेखातही हा प्रसंग रंगवून सांगावासा वाटला, ही गोष्ट बोलकी आहे. विनोदी कादंबरीतून रुग्णशय्येपर्यंत आलेल्या या व्याधीने आपल्यासोबत थोडे हसूही आणले. नामकरणातही गमतीदार अन्याय आहे: व्याधी जोची, नाव मात्र पिकविकचे. पिकविक जोचा मालकसुद्धा नव्हता.

या लेखाने जोच्या झोपेचे मुख्य कारण रक्तात साचणारा कार्बन डायऑक्साइड हे मानले. ते अपुरे होते. १९६५ मध्ये फ्रान्समध्ये गास्तो व त्यांचे सहकारी आणि जर्मनीत युंग व कुलो यांनी अशा रुग्णांची झोपेतील श्वसननोंद घेतली. घशातील मार्ग झोपेत वारंवार बंद होतो, श्वास अडतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि हे चक्र रात्रभर चालू राहते, असे आढळले. रुग्णाला याची आठवण नसते. आपण आठ तास झोपलो, असेच तो समजतो. म्हणजे जोच्या एका झोपेमागे किमान दोन विकार संभवतात: दिवसाही मंद राहणारे श्वसन आणि रात्री अडणारा श्वास. पहिला विकार असलेल्या बहुसंख्य रुग्णांत दुसराही आढळतो. पंक्तीत वाढतानाच्या ज्या घोरण्यावर वॉर्डलचे पाहुणे हसतात, तो घोरण्याचा तपशील १९५६ च्या उपपत्तीपेक्षा १९६५ च्या शोधाशी अधिक जुळतो. निरीक्षक म्हणून डिकन्स येथे आपल्या वैद्यकीय वाचकांच्या पुढे होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९९१ मध्ये मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी दिवसाच्या झोपेचे मापन करण्यासाठी आठ प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. वाहनात प्रवासी म्हणून बसले असता, सार्वजनिक ठिकाणी निष्क्रिय बसले असता, दुपारच्या जेवणानंतर शांत बसले असता डुलकी लागण्याचा संभव किती, असे हे प्रश्न आहेत. एकूण गुण २४ असून १० च्या वरचे गुण चिंतेचे मानले जातात. जोची बग्गीतली झोप आणि जेवणानंतरची झोप या श्रेणीत सहज बसते. उभ्याने काम करताना लागणारी झोप मात्र तिच्या कक्षेतच नाही.

श्वसनमार्ग हवेच्या दाबाने उघडा ठेवणारे यंत्र १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील सलिव्हन यांनी पुढे आणल्यापासून अनेकांचे जीवन पालटले, हे निर्विवाद आहे. तथापि यंत्र नियमित वापरूनही काहींची दिवसाची झोप पूर्णपणे जात नाही. एकाच शरीरात श्वासरोध, मंद श्वसन, पायांची अस्वस्थता, क्वचित नार्कोलेप्सी असे विकार एकत्र नांदत असतील, तर एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. अशा वेळी नातेवाईक आणि सहकारी पुन्हा जुन्या निदानाकडे वळतात: उपचार झाले, आता हा आळसच. वैद्यकाने दिलेली सुटका अशा प्रकारे सशर्त ठरते.

भाषेची साक्ष

मराठीत ‘मी झोप आणतो’ असे कोणी म्हणत नाही. झोप येते, पेंग येते, डोळ्यांवर झापड येते, गुंगी चढते. या सर्व वाक्यांत कर्ता झोप आहे आणि मनुष्य तिचा भोग घेणारा आहे. पण क्रियापदाकडून विशेषणाकडे वळताच न्याय बदलतो. झोपाळू, सुस्त, ऐदी हे शब्द रुग्णाच्या अवस्थेला त्याचा स्वभाव बनवतात. ‘कुंभकर्ण’ हे तर सामान्यनामच झाले आहे. वस्तुतः वाल्मीकींच्या युद्धकांडातील कुंभकर्णाची झोप हा शाप आहे; आणि जागा झाल्यावर तो रावणाला त्याच्या चुका स्पष्टपणे सुनावतो. जागेपणी इतके नेमके बोलणारा हा पुरुष लोकभाषेत केवळ घोरण्यापुरता उरला. जोप्रमाणे त्याचेही जागेपण कोणाला नको होते. चरकसंहितेची दृष्टी याहून सूक्ष्म आहे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलता आणि निद्रा यांचा विचार एकत्र येतो, आणि निद्रेच्या प्रकारांत व्याधीमागून येणाऱ्या निद्रेला ‘व्याध्यनुवर्तिनी’ असे स्वतंत्र नाव आहे. शास्त्राने हा भेद केला. दैनंदिन मराठीने तो स्वीकारला नाही.

दारावरची थाप

चेकॉव्हच्या १८८८ मधील एका कथेत वार्का नावाची तेरा वर्षांची दाई चांभाराच्या घरी राबते. तिला विकार नाही. तिला झोपूच दिले जात नाही. दिवसा धावपळीचे काम सांगितले की तिला बरे वाटते, कारण हालचालीत झोप कमी जाणवते आणि बसले की ती चाल करून येते. रात्री पाळणा हलवताना तिचा हा उपायही संपतो आणि शेवट बालहत्येत होतो. ही कथा वाचताना कोणी हसत नाही. वार्काच्या झोपेचे कारण चेकॉव्ह वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवतो, जोच्या झोपेचे कारण डिकन्सलाही ठाऊक नव्हते. हसू आणि करुणा यांतील अंतर एवढेच आहे.

वार्काचाच उपाय जोकडेही आहे. चौपन्नाव्या प्रकरणात वकील पर्कर यांच्या दारावर थापांचा असा भडिमार होतो की कारकून चकित होऊन दार उघडतो. पायपुसण्यावर हा लठ्ठ मुलगा उभा असतो, डोळे मिटलेले. असा गोंगाट का चालवला आहे, असे विचारल्यावर तो सांगतो की दार उघडेपर्यंत ठोकणे थांबवू नकोस अशी मालकांची आज्ञा आहे, नाहीतर आपल्याला झोप लागेल. वैद्यकीय लेखनात जोचा लठ्ठपणा आणि मिटलेले डोळे यांचा उल्लेख वारंवार येतो. या उत्तराकडे लक्ष गेलेले फारसे दिसत नाही. वास्तविक संपूर्ण कादंबरीत जोने आपल्या व्याधीविषयी दिलेली ही सर्वांत स्पष्ट माहिती आहे. आपण कोणत्या क्षणी झोपू हे त्याला आणि वॉर्डलना ठाऊक आहे. त्यावर दोघांनी मिळून काढलेली तोड ओबडधोबड आहे, पण ती चालते: निरोप पोहोचतो. थापांचा त्रास होतो तो फक्त दाराच्या आतल्या माणसांना, आणि त्यांना तो उद्धटपणा वाटतो.