गांधीलमाशीची गोष्ट आणि निवडीचा प्रश्न

‘प्राणी उपजत प्रेरणेने वागतात, माणूस मात्र विचार करून निवड करतो.’ हे वाक्य आपण शाळेत शिकलो आणि आपल्यापैकी अनेकांनी पुढे ते शिकवलेही. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नासाठी ते सोयीचे आहे. पण एखाद्या विद्यार्थिनीने ‘याला पुरावा काय?’ असे विचारले तर? अशा वेळी अनेक पुस्तकांत एका गांधीलमाशीचे उदाहरण दिलेले असते. ते जरा बारकाईने तपासण्यासारखे आहे.

ही गांधीलमाशी म्हणजे स्फेक्स. ती पोळे बांधून समूहाने राहत नाही. मादी एकटीच जमिनीत बीळ खणते, रातकिड्याला डंख मारून लुळे करते, बिळात नेऊन ठेवते आणि त्याच्यावर अंडे घालते. अंड्यातून बाहेर येणाऱ्या अळीचे ते अन्न. रातकिडा बिळापाशी आणल्यावर मादी त्याला दाराशी ठेवते, एकटी आत जाऊन पाहणी करते आणि मग बाहेर येऊन, त्याच्या मिशा धरून त्याला आत ओढते.

फ्रेंच कीटकनिरीक्षक झाँ आंरी फाब्र (1823–1915) यांनी येथे एक साधा प्रयोग केला. मादी आत गेली असताना त्यांनी रातकिडा थोडा दूर सरकवला. मादी बाहेर आली, तिने तो शोधला, पुन्हा दाराशी आणून ठेवला आणि पुन्हा पाहणीसाठी आत गेली. फाब्र यांनी तो पुन्हा सरकवला. असे चाळीस वेळा झाले. नुकतेच पाहिलेले बीळ परत पाहण्याची गरज नाही, हे काही त्या मादीला उमगले नाही.

हे वर्णन फाब्र यांच्या कीटकांवरील ग्रंथमालेच्या 1879 मधील पहिल्या खंडात आहे. डीन वुलड्रिज यांनी 1963 मध्ये मेंदूविषयीच्या आपल्या पुस्तकात ही गोष्ट सांगितली. डग्लस हॉफस्टॅटर यांनी 1982 मध्ये अशा यांत्रिक वागण्याला स्फेक्सच्या नावावरून विशेषणच बहाल केले. तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी 1984 च्या ‘एल्बो रूम’ या इच्छास्वातंत्र्यावरील पुस्तकात तिचा उपयोग केला. एका बाजूला ठरलेल्या चाकोरीत फिरणारी माशी, दुसऱ्या बाजूला चाकोरी ओळखून बाहेर पडू शकणारा माणूस, असे ते चित्र.

पण फाब्र यांनी एवढेच लिहिलेले नाही. दुसऱ्या एका वस्तीतील स्फेक्सवर त्यांनी हाच प्रयोग केला, तेव्हा दोन-तीन वेळा फसल्यावर मादीने पाहणीचा टप्पाच वगळला आणि रातकिड्याच्या मिशा धरून त्याला थेट आत ओढले. काही वस्त्या अधिक हुशार असाव्यात, असे फाब्र यांनी त्यावर नमूद केले. आणखी एका ठिकाणी मात्र त्यांना पुन्हा चाळीस वेळा फसणाऱ्या माशांसारख्याच माश्या भेटल्या. म्हणजे मूळ निरीक्षण संमिश्र होते. फ्रेड कायझर यांनी 2013 मध्ये या गोष्टीचा सगळा प्रवास तपासला आणि गैरसोयीचा भाग गळून गोष्ट कशी पुन्हा पुन्हा सांगितली गेली, हे दाखवून दिले.

आपल्याकडच्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. कुंभारीण माशी घरट्यात आणलेल्या अळीला ध्यास लावून आपल्यासारखी करते, असे ‘भृंगकीटक न्याया’त मानले गेले. तीही एका गांधीलमाशीचीच गोष्ट. अळी खाल्ली जाते आणि बाहेर पडते ते माशीच्याच अंड्यातले पिल्लू. दृष्टांत शोभला की निरीक्षणाकडे कोणी परत जात नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

मग स्फेक्स विचार करून निवड करते, असे म्हणायचे का? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाची घाई ठरेल. दोन-तीन अनुभवांनंतर वागणे बदलले, एवढेच येथे दिसते. अडचण खरी ‘निवड’ या शब्दाची आहे. एकाच शब्दात आपण किमान तीन गोष्टी कोंबतो.

पहिली : अनेक मार्ग खुले असताना त्यांतला एक घेणे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी अनेक वर्षे अभ्यासलेल्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीत राणी आणि कामकरी यांच्या शरीरात ठळक फरक नसतो. मादी जन्मघरट्यात राहून काम करू शकते, बाहेर पडून नवे घरटे घालू शकते किंवा पुढे त्याच घरट्याची राणी होऊ शकते. या अर्थाने निवड कीटकांतही आहे.

दुसरी : आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा अंदाज घेऊन मार्ग ठरवणे. रॉबर्ट हॅम्प्टन यांनी 2001 मध्ये दोन ऱ्हीसस माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. माकडाला एक चित्र दाखवले जाई. काही वेळाने, ते चित्र ओळखण्याची चाचणी द्यायची की टाळायची, हे त्याला विचारले जाई. बरोबर उत्तराला आवडते शेंगदाणे, चुकीला काहीच नाही आणि चाचणी टाळली तर साधी गोळी नक्की. चाचणी स्वतःहून स्वीकारली तेव्हा माकडांची उत्तरे, चाचणी सक्तीने दिली तेव्हापेक्षा अधिक अचूक होती. ‘मला आठवत नाही’ याची काहीतरी जाणीव माकडाला असल्याशिवाय हे जमत नाही.

तिसरी : ‘असे का केलेस?’ या प्रश्नाला उत्तर देणे आणि दुसऱ्याचे कारण पटल्यास निर्णय बदलणे. भाषेवाचून हे अवघड आहे. येथे माणूस वेगळा आहे, असे म्हणायला जागा आहे. पण येथेही छाती फुगवण्याआधी एक प्रयोग पाहू.

निस्बेट आणि विल्सन यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात एका दुकानातील प्रयोग आहे. ग्राहकांपुढे नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि सर्वांत चांगला कोणता ते विचारले. चारही जोड अगदी एकसारखे होते. तरी सर्वांत उजवीकडचा जोड 40 टक्के लोकांनी निवडला आणि सर्वांत डावीकडचा फक्त 12 टक्के लोकांनी. कारण विचारल्यावर लोकांनी मालाचा दर्जा सांगितला. मांडणीचा परिणाम झाला असेल का, असे विचारल्यावर जवळजवळ सर्वांनी तो नाकारला. निवड झाली होती, कारणही मिळाले होते. फक्त दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

म्हणून ‘निवड करता येणे’ ही माणूस आणि इतर प्राणी यांच्यातली भिंत म्हणून टिकत नाही. पहिल्या अर्थाने ती सर्वत्र आहे, दुसऱ्या अर्थाने निदान काही प्राण्यांत आहे आणि तिसऱ्या अर्थाने माणसातही ती गृहीत धरता येत नाही, शिकावी लागते. माणसाला आपण त्याच्या कृत्याचा जाब विचारतो तो या तिसऱ्या क्षमतेच्या भरवशावर. ती जोपासायची तर ‘का?’ विचारण्याची आणि ऐकून घेण्याची सवय लागायला हवी, आणि ते काम बरेचसे शाळेचे आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे : एकाच खोक्यातल्या चार सारख्या पेन्सिली टेबलावर ओळीने ठेवा. एकेका विद्यार्थ्याला एकट्याने बोलावून सर्वांत चांगली पेन्सिल निवडायला सांगा आणि तिची जागा व दिलेले कारण लिहून घ्या. दर पाच जणांनंतर पेन्सिलींची अदलाबदल करा. शेवटी सर्व नोंदी फळ्यावर मांडून पेन्सिली सारख्याच होत्या हे सांगा. उजवीकडचा कल दिसेलच असे नाही. दिसला नाही तर तेही तसेच नोंदवा. फाब्र यांच्या दुसऱ्या वस्तीची नोंद पुढच्यांनी गाळली, तसे आपल्या फळ्यावर होऊ नये.