धसकटांवरील घोडदौड

टॉल्स्टॉयची 'वॉर अँड पीस' ही कादंबरी शिकविताना आम्हांस दरवर्षी एकच अनुभव येतो. बोरोदिनोची लढाई, जखमी आंद्रेईला दिसलेले आकाश, पिएरचा बंदिवास यांविषयी विद्यार्थी हवे तितके बोलतात. परंतु दुसऱ्या खंडाच्या चौथ्या भागात रोस्तोव्ह कुटुंबाची जी शिकार आहे, तिच्याविषयी विचारले की वर्गात शांतता पसरते. ती पाने बहुतेकांनी गाळलेली असतात. ही शिकार म्हणजे दोन युद्धांमधला विसावा, असे म्हणून पुढे जाणारे जाणते वाचकही आम्ही पाहिले आहेत. आम्हांस मात्र ही प्रकरणे युद्धाच्या प्रकरणांइतकीच महत्त्वाची वाटतात. आणि तसे का वाटते हे सांगताना स्वतःची एक लाजिरवाणी आठवण सांगणे आम्हांस भाग आहे.

मराठी वाचकास हा विषय काहीसा परका वाटेल, हे खरे. पीक निघाल्यानंतरची घोडदौड म्हटली की आपल्यापुढे दसऱ्याचे सीमोल्लंघन आणि त्यामागून येणारी मुलुखगिरी उभी राहते. निव्वळ मौजेखातर मोकळ्या रानातून घोडा पिटाळणे हा आपल्या बखरकारांचा विषय नव्हे. रशियन जमीनदाराचा मात्र तो वर्षातला सर्वांत मोठा सण होता. साल 1810, सप्टेंबरचा मध्य. पहाटेच्या थंडीने पावसाने भिजलेली जमीन आवळून धरलेली. एकीकडे हिवाळी पिकाचे कोवळे हिरवे रान, शेजारी कापणी झालेल्या शेतांतील धसकटांचा फिकट पिवळा रंग आणि मधूनमधून कुट्टूच्या शेतांचे तांबूस पट्टे. अशा रानात सुमारे 130 कुत्री आणि वीस घोडेस्वार बाहेर पडतात. नताशा आपल्या काळ्या घोड्यावर बसून, कोणी न बोलाविता, त्यांत सामील होते.

टॉल्स्टॉयला ही मौज ऐकून माहीत नव्हती. 1864 साली, याच कादंबरीचे लेखन चालू असताना, सशाच्या मागे घोडा फेकताना तो पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. त्यानंतर काही दिवस त्याला मजकूर तोंडी सांगून लिहवून घ्यावा लागला. म्हणूनच की काय, वेगाचे वर्णन करताना तो विशेषणांची आतषबाजी करीत नाही. आपल्या कादंबरीकारांचे घोडे वाऱ्याशी स्पर्धा करतात, विजेला लाजवितात, आणि इतके करूनही जागच्या जागीच राहतात. टॉल्स्टॉय फक्त एवढेच सांगतो की, लांडग्यामागे सुटलेल्या निकोलायला स्वतःची आरोळी ऐकू येत नव्हती, आपण दौडत आहोत याचे भान नव्हते, आणि ज्या जमिनीवरून तो दौडत होता ती त्याला दिसत नव्हती. दिसत होता तो केवळ लांडगा.

जमीन दिसत नव्हती, या तपशिलापाशी आम्ही पुनःपुन्हा थांबतो. बाराव्या-तेराव्या वर्षी आम्हीही असे एकदा दौडलो होतो. बाजरी निघालेली, खळी चाललेली, शिवार मोकळे झालेले. शेजाऱ्यांची तांबडी घोडी मागून आणली होती, आणि बांधामागून बांध ओलांडताना जो आनंद झाला तसा पुढे कोणत्याही परीक्षेच्या निकालाने दिला नाही. परत फिरताना पाहिले तो मधला एक तुकडा धसकटांचा नव्हताच. नुकत्याच उगवलेल्या हरभऱ्यातून टापांची एक सरळ ओळ गेली होती. बांधावर शेतकरी उभा होता. त्यास आम्ही मामा म्हणत असू. त्याने घोडीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि "सांभाळून जावा, मालक," इतकेच म्हटले. आमच्या वडिलांचे त्याच्याकडे येणे होते. भाच्याच्या वयाच्या पोराला त्याने त्या दिवशी प्रथम मालक म्हटले.

पहिल्या वाचनात रोस्तोव्हांची शिकार आम्हांस या आठवणीमुळेच असह्य झाली. इतका मोठा लेखक ही रानभर चाललेली चैन इतक्या प्रेमाने कशी लिहू शकतो, असा राग आला. दुसऱ्या वाचनात इलागिनच्या कुत्रीपाशी अडखळलो. इलागिन हा शेजारचा जमीनदार, मोठा सभ्य आणि अदबशीर गृहस्थ. त्याच्या एर्झा नावाच्या कुत्रीची सर्वजण वाखाणणी करतात, आणि टॉल्स्टॉय जाता जाता सांगतो की, वर्षापूर्वी तिच्या मोबदल्यात त्याने घरकामाच्या भूदासांची तीन कुटुंबे देऊन टाकली होती. वाक्य तेथे थांबत नाही, आवाज चढवीत नाही. पुढे निकोलायचा 'काका' तुमचे एकेक कुत्रे एका गावाच्या किमतीचे आहे असे बोलून दाखवितो, आणि ससा उठताच सर्वजण पुन्हा घोडे फेकतात. तो ससा धावतो तो कोवळे पीक आणि धसकटे यांच्या मधल्या सीमेवरून! स्वारांना ती सीमा दिसत नाही; ती पाहणारा फक्त लेखक आहे. शेवटी ससा मिळतो काकाच्या रुगाय या कुत्र्याला, गुडघाभर चिखल तुडवून.

आणि दानिलो! हा शिकारखान्याचा मुख्य, जातीने भूदास. वृद्ध काउंटच्या गाफीलपणामुळे लांडगा निसटतो तेव्हा तो धन्यावर चाबूक उगारून अर्वाच्य शिवी देतो, आणि काउंट शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा राहतो. पुढे निसटलेल्या लांडग्याला घोड्यावरून झेप घेऊन दाबून धरणाराही दानिलोच. काउंट त्याला नुसते म्हणतो की, बाबा, तू फार रागीट आहेस; यावर दानिलो लहान मुलासारखा लाजून हसतो. दौडीच्या त्या घटकेपुरता तो मालक होता, आणि घटका संपल्याचे दोघांसही कळले आहे. आमच्या मामास तेवढी घटकाही मिळाली नव्हती.

सीगफ्रिड ससूनचे 1928 साली प्रसिद्ध झालेले 'मेम्वार्स ऑफ ए फॉक्स-हंटिंग मॅन' शेजारी ठेवून पाहिले तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. पुस्तक मोहक आहे, शेवटी येणाऱ्या महायुद्धाच्या छायेने करुणही आहे. परंतु त्यात शेत हे बहुधा कुंपण ओलांडण्यापुरतेच असते.

पुढे टॉल्स्टॉयने शिकार सोडली, मांस सोडले, आणि 1890 नंतरच्या निबंधांत सुखवस्तूंच्या चैनीवर कठोर आघात केले. त्या टॉल्स्टॉयने हे प्रकरण लिहिले असते तर तीन कुटुंबांवर तीन पाने खर्ची पडली असती आणि नताशाची ती कानठळ्या बसविणारी आनंदाची किंकाळी त्याने खोडून टाकली असती. पस्तिशीच्या आसपासच्या टॉल्स्टॉयने दोन्ही ठेवले. या वर्षी वर्गात आम्ही युद्धाचे एकही प्रकरण न घेता इलागिनच्या आगमनापासून वाचन सुरू करणार आहोत.