समूह पुनर्विकासातील उंचीचा हिशेब : ठाण्याच्या किसननगर योजनेची चिकित्सा

ठाणे शहरात ‘क्लस्टर’ या नावाने परिचित असलेल्या समूह पुनर्विकास योजनेचा शुभारंभ जून 2023 मध्ये किसननगर येथे झाला. वागळे इस्टेटमधील कारखान्यांच्या आश्रयाने वाढलेल्या या दाट वस्तीच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहावयाच्या आहेत. प्रस्तुत टिपणात या उंचीमागील तर्काचा विचार केला आहे.

योजनेची निकड नाकारता येत नाही. 4 एप्रिल 2013 रोजी शीळ येथील ‘लकी कंपाउंड’मधील बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळून 74 जणांचा बळी गेला. 2015 मध्ये ठाकुर्लीत आणि नौपाड्यात जुन्या इमारती कोसळून पुन्हा जीवितहानी झाली. अशा घरात राहणाऱ्यास बैठ्या वस्तीची महती ऐकविणे हा अभ्यासकांचा चैनीचा उद्योग ठरेल.

तथापि येथील उंची जन्मते ती आर्थिक गणितातून. रहिवाशांना विनामूल्य घर द्यावयाचे, त्याचा खर्च विक्रीच्या घरांतून भरून काढावयाचा आणि त्यासाठी 4 चटईक्षेत्र निर्देशांक द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. त्यात घराचे मूल्य मोजले जाते. घरात राहण्याचा खर्च मात्र बाजूस राहतो. लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीची देखभाल थोडक्यात भागते. वीस-पंचवीस मजल्यांवर लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा आणि जनित्र यांवाचून दिवस ढकलता येत नाही. राखीव निधी ठेवला तरी हातावर पोट असलेल्यांच्या गृहनिर्माण संस्थेत वर्गणी थकणारच. आणि वर्गणी थकली की आधी लिफ्ट थांबते. अशा वेळी वरच्या मजल्यावरील वृद्धाने काय करावे? शिवाय पिठाची गिरणी, शिलाईकाम, पोळीभाजी केंद्र हे उद्योग रस्त्यालगतच्या खोलीवर जगतात. चौरस फुटांच्या भरपाईत त्यांना स्थान मिळणे कठीण.

चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात बेलापूर येथे अंगणांभोवती बैठी, गरजेनुसार वाढविता येणारी घरे रचली. किसननगरची लोकसंख्या त्या मापात बसणार नाही, आणि बेलापूरची मूळ घरेही आज पुष्कळ बदलली आहेत. परंतु मधल्या उंचीचा पर्याय निर्देशांकाच्या गणितात टिकत नाही एवढ्यावरच चर्चा थांबावी, हे पटण्यासारखे नाही.

निदान संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबास अपेक्षित मासिक देखभाल खर्च लेखी कळविला जावा. कल्याण-डोंबिवलीतील धोकादायक इमारतींच्या रहिवाशांनीही हीच मागणी आधी करावी.