मनोव्यथेच्या कलाकृतींतील गाळलेला प्रवास

मानसिक व्याधी हा विषय मराठी कलाविश्वाला आता परका राहिलेला नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे ‘देवराई’ (२००४) आणि २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरलेला ‘कासव’ हे दोन चित्रपट, तसेच डॉ. आनंद नाडकर्णी यांचे ‘शहाण्यांचा सायकिअॅट्रिस्ट’ हे पुस्तक, या कृतींनी रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी पालटविली, हे निर्विवाद होय. तथापि व्यथेचा स्फोट आणि उपचाराचा आरंभ यांमधील काळ त्यांत कितपत उतरला आहे, हा प्रश्न उरतोच.

‘देवराई’तील शेषला त्याची बहीण कोकणातून शहरात आणते. शेषचे मनोविश्व आणि बहिणीची ओढाताण यांत त्या कृतीचे सामर्थ्य आहे. ‘कासव’मध्ये जीवनाला विटलेल्या तरुणाला जानकी समुद्रकाठच्या घरी आश्रय देते. तिने स्वतः नैराश्य भोगलेले असल्यामुळे तिच्या करुणेला उपदेशाचा वास येत नाही. परंतु येथे साहाय्य लाभते ते योगायोगाने. ज्याच्या वाटेवर जानकी येत नाही, त्याचे काय होते, हे त्या कृतीच्या कक्षेबाहेरच राहते.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाला हीच उणीव जाणवल्यावाचून राहणार नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. मुंबईच्या बोलीत त्या गावाचे नावच वेडाचा पर्याय होऊन बसले. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. डोंबिवलीच्या एखाद्या कुटुंबावर मध्यरात्री प्रसंग ओढवला, तर रेल्वेने पंधरा-एक किलोमीटरचे अंतर फारसे नव्हे. त्या नावाचे अंतर मात्र मोठे. शेजाऱ्यांपासून लपविणे, ‘झोप झाली की बरे वाटेल’ अशी समजूत घालणे, रुग्णाला घराबाहेर कसे काढावे ही विवंचना, पहाटेच्या पहिल्या लोकलची प्रतीक्षा, या साऱ्यांत मोलाचे तास निघून जातात.

कायद्याने मात्र या तासांचा विचार केला आहे. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९४ नुसार, रुग्णाच्या वा इतरांच्या जिवाला धोका असता कोणताही नोंदणीकृत वैद्यक, रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, तातडीचे उपचार करू शकतो. त्यांची कमाल मर्यादा ७२ तासांची असून रुग्णाला जवळच्या मानसोपचार केंद्रात पोहोचविणेही त्यांत अंतर्भूत आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवाही सुरू झाली. म्हणजे गल्लीतल्या दवाखान्याचे दारसुद्धा कायद्याने उघडे आहे. पण ते ठोठवावे, हे भेदरलेल्या घराला सुचत नाही, आणि ठोठावल्यास आतील वैद्य ‘ठाण्याला न्या’ एवढेच सांगेल, ही धास्ती असतेच.

डॉ. नाडकर्णी यांनी १९९० साली त्याच ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था उभारली. मदत मागणे म्हणजे वेड नव्हे, हा त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकातील आशय त्या गावाच्या बदनामीला दिलेले समर्पक उत्तर होय. मात्र तेच शीर्षक शहाणे आणि वेडे ही जुनी सीमारेषा अबाधित ठेवते. जो माणूस रातोरात ती रेषा ओलांडतो, त्याच्या घरच्यांना हे शीर्षक पुरेसे आश्वासक वाटेल काय?

कलाकृती म्हणजे मार्गदर्शिका नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो मान्य आहे. दूरध्वनी क्रमांक सांगण्याचे काम कादंबरीचे नव्हे. पण प्रस्तुत मागणी माहितीची नसून वास्तवाची आहे. लज्जा, प्रेम, भीती आणि निर्णय यांचा सर्वांत तीव्र संघर्ष त्या ७२ तासांतच घडतो. तो गाळून कथा थेट सांत्वनाकडे वळली की करुणा सुलभ होते आणि रुग्णाला तिथवर पोहोचविणारी आई, भाऊ वा पत्नी अदृश्य होते. मराठी लेखकाने रुग्णाचे मन जाणले, उपचारकाचेही जाणले. त्यांच्यामधली रात्र लिहिणे अद्याप त्याच्याकडून यावयाचे आहे.