जतन की गोपन? : केसरबाई केरकर यांच्या गायनकारकिर्दीचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना :
दौंड परिसरातील वर्गात केसरबाई केरकर (१८९२-१९७७) यांचे नाव घेतले की विद्यार्थ्यांना अंतराळयान आठवते, राग आठवत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर त्यांच्या भैरवीचे सुमारे साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण पाठविण्यात आले, हे खरे. परंतु हा गौरव म्हणजे मूल्यमापन नव्हे. त्यांच्या कारकिर्दीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साधना व गायकी :
गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाईंना अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे व भास्करबुवा बखले यांची अल्पकाळ तालीम मिळाली. १९२१ पासून मात्र त्या अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या उंबरठ्यावर होते. खुला आकार, दमसासावर तोललेली अखंड तान आणि ललिता गौरी, नट कामोद, कुकुभ बिलावल यांसारखे अनवट राग ही त्यांच्या गायकीची लक्षणे होत. हे राग त्यांनी चमत्कृती म्हणून नव्हे, तर घराण्याची ठेव म्हणून मांडले. तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत स्वरांचा रेखीवपणा कळतो. रागाची संथ उभारणी मात्र निसटते.

आक्षेपाचा विचार :
केसरबाईंनी विद्या हातची राखली, असा आक्षेप घेतला जातो. त्यांच्या शिष्या म्हणून प्रामुख्याने धोंडूताई कुलकर्णी (१९२७-२०१४) यांचेच नाव पुढे येते. कलावंत समाजातील स्त्रीसाठी कष्टाने मिळविलेली विद्या हेच भांडवल होते, असे याचे समर्थन करता येईल. तथापि ते अपुरे आहे. मोगूबाई कुर्डीकर त्याच समाजातील, त्याच गुरूंच्या शिष्या. त्यांनी कन्या किशोरी आमोणकर यांच्यासह अनेकांना विद्या दिली. म्हणजे सामाजिक परिस्थितीने केसरबाईंच्या निर्णयाची पार्श्वभूमी कळते, त्याची अपरिहार्यता सिद्ध होत नाही.

येथे पाश्चात्त्य संगीताशी तुलना उद्बोधक ठरते. इंग्लंडच्या एमा कर्कबी (जन्म १९४९) यांनी उच्च स्वरपट्टीत सोळाव्या-सतराव्या शतकांतील गीते पुन्हा श्रोत्यांसमोर आणली. त्यांना लिखित स्वरलेखनाचा आधार होता. गायिका थांबली तरी कागद उरतो. आपल्याकडे बंदिशीची स्वरलिपी लिहिता येते, पण तिचा विस्तार कंठातूनच कंठात जातो. म्हणून येथे न शिकविणे हे केवळ वैयक्तिक मौन राहत नाही.

समारोप :
केसरबाईंनी परंपरेची शुद्धता प्राणपणाने जपली. तिच्या प्रसाराची जबाबदारी मात्र त्याच निष्ठेने स्वीकारली नाही. ही दोन विधाने परस्परांना छेद देत नाहीत. त्यांची थोरवी मान्य करून ही उणीव नोंदविणे, हाच त्यांच्या कलेचा योग्य आदर होय. विद्यार्थ्यांना यानाची कथा सांगताना त्यांची ललिता गौरीही ऐकवावी. आकाशात पोहोचलेला स्वर वर्गात पोहोचला नाही, तर ती उणीव आपली ठरेल.