सेनापतीचे गद्य

युलिसिस ग्रांटने आपल्या आठवणी लिहिल्या त्या गरजेपोटी. अमेरिकेतील यादवी युद्ध उत्तरेला जिंकून देणारा आणि पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेला हा सेनापती १८८४च्या मे महिन्यात, भागीदाराच्या लबाडीमुळे पेढी बुडाली तेव्हा कफल्लक झाला. त्याच वर्षी त्याच्या घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. आपल्या मागे बायकोची आबाळ होऊ नये म्हणून तो लिहायला बसला, आणि काम हातावेगळे झाल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी वारला. मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने ‘पर्सनल मेमॉयर्स’ दोन खंडांत छापले. त्यातून ज्युलिया ग्रांटला चार लाखांहून अधिक डॉलर मिळाले. ही हकिकत इतकी चटका लावणारी आहे की पुस्तकाची वाहवा पुष्कळदा तिच्याच आधाराने होते. तिची मदत न घेताही हे पुस्तक उभे राहते, कारण त्यातले गद्य अव्वल दर्जाचे आहे.

हे गद्य सहज साधलेले नव्हते. ‘सेंच्युरी’ मासिकासाठी यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईवर त्याने लिहिलेला पहिला मजकूर लष्करी अहवालासारखा कोरडा होता. संपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन यांनी त्याला बोलते केले आणि स्वतः पाहिलेले, मनात आलेले लिही असे सुचवले. ग्रांटने अहवालातला नेमकेपणा ठेवला आणि त्यात माणूस आणून बसवला. पुस्तकभर हे दोन्ही गुण एकमेकांना सांभाळून चालतात, आणि वाचकाचा विश्वास पहिल्या काही पानांतच जिंकला जातो.

बालपणीचा घोड्याचा प्रसंग पाहा. वडिलांनी शिंगराला वीस डॉलर देऊ केले, मालक पंचविसावर अडून बसला. पोराने हट्ट धरला, तेव्हा आधी वीस सांग, मग साडेबावीस, नाहीच ऐकले तर पंचवीस, असे पढवून वडिलांनी त्याला धाडले. पोराने मालकासमोर जाऊन हे तिन्ही आकडे ओळीने सांगून टाकले! ग्रांट इथे हसत नाही, आपण किती भाबडे होतो यावर भाष्यही करत नाही. तिन्ही किमती पोराच्याच तोंडी देतो, मालकाने शेवटी काय घेतले असेल ते आपल्यावर सोडतो, आणि गावातल्या पोरांनी पुढे आपल्याला कसे चिडवले ते सांगून मोकळा होतो. विनोदाची जागा नेमकी कुठे आहे हे कळणे आणि तिथे थांबता येणे, या दोन्ही गोष्टी इथे एकदम दिसतात.

मेक्सिकोच्या युद्धातील प्रकरणांत ‘मी’ किती जागा घेतो, हे लक्ष देऊन वाचावे. १८४६मध्ये रेसाका दे ला पाल्माच्या लढाईत तरुण ग्रांटने चढाई केली, एक जखमी कर्नल आणि काही सैनिक कैद केले. मग कळले की त्या जमिनीवरून आपलीच माणसे आधी पुढे गेली होती. आपण तिथे नसतो तरी लढाई तशीच जिंकली गेली असती, असा निष्कर्ष तो अगदी गंभीरपणे नोंदवतो. त्याच युद्धाला तो बलाढ्य राष्ट्राने दुबळ्या राष्ट्रावर लादलेला अन्याय म्हणतो. स्वतः ज्या मोहिमेत लढला तिच्यावर असा निवाडा देताना त्याचा आवाज तसूभरही चढत नाही. इतक्या समतोल स्वरात स्वतःच्या सेवेची झाडाझडती घेणारे सैनिक फार थोडे.

याच भागात टेलर आणि स्कॉट या दोन सेनापतींची शब्दचित्रे शेजारी शेजारी आहेत. टेलर गणवेश क्वचितच घालणारा, घोड्यावर एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसणारा, सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा. स्कॉट पूर्ण गणवेशात, लवाजम्यासह, आगाऊ वर्दी देऊन येणारा. मग दोघांची भाषा येते: मोजक्या शब्दांत अर्थ भरणारा टेलर आणि घडीव वाक्ये रचणारा स्कॉट. दोघांचेही गुण ग्रांट मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याचे स्वतःचे वाक्य कोणाच्या तालमीत घडले, हे त्या वाक्याच्या चालीवरूनच समजते. न बोलता गुरू दाखवण्याची ही रीत मोठी सुंदर आहे.

यादवी युद्धाच्या सुरुवातीचा, १८६१मधला मिसूरीतला प्रसंग तर दहा वेळा वाचावा असा. हॅरिस नावाच्या शत्रूच्या कर्नलचा तळ टेकडीपलीकडे आहे, ग्रांट आपली पलटण घेऊन चढ चढतो आहे. पलटण जसजशी वर सरकते तसतसे त्याचे काळीजही वर सरकते आणि माथ्याजवळ थेट घशाशी येते. चढ आणि भीती यांचा हा मेळ अलंकार वाटतच नाही, इतका तो प्रसंगातून उगवला आहे. परत फिरावेसे वाटत होते, पण थांबायचेही धैर्य नव्हते म्हणून पुढे गेलो, अशी कबुली तो देतो. पलीकडे तळ रिकामा! आपण हॅरिसला भ्यालो तेवढाच तोही आपल्याला भ्याला होता, हे त्याला त्या क्षणी उमगले, आणि त्याच्या मते ते पुढे युद्धभर कामी आले. शौर्याचा उगम भीतीच्या हिशेबात दाखवणारे असे पान दुसरीकडे सापडणे कठीण.

बखरीतल्या रणवर्णनावर पोसलेल्या मराठी कानाला शायलोची रात्र वेगळीच वाटेल. ६ एप्रिल १८६२. दिवसभर संहार झाला आहे, पाऊस कोसळतो आहे, घोडा पडल्याने ग्रांटचा घोटा सुजून ठणकतो आहे. झाडाखाली झोप येईना म्हणून तो मध्यरात्रीनंतर एका लाकडी घराच्या आसऱ्याला जातो. तिथे जखमींचे हातपाय कापण्याचे काम चालू असते. ते दृश्य त्याला शत्रूच्या गोळीबाराहून असह्य होते आणि तो पुन्हा पावसात, झाडाखाली परततो. रक्ताचे वर्णन नाही, किंकाळ्या नाहीत. माणसाने कोरडे छप्पर सोडून ओले झाड पत्करले, एवढ्या एका हालचालीत करुण रस पूर्ण उतरला आहे.

पश्चात्तापाचीही तो अशीच नेमकी मांडणी करतो. कोल्ड हार्बरचा ३ जून १८६४चा अखेरचा हल्ला केल्याची खंत तो उघड सांगतो. व्हिक्सबर्गवरच्या २२ मे १८६३च्या हल्ल्याविषयीही सांगतो, पण त्यामागे काही कारणे होती असा फरकही करतो. दोन चुका एका पारड्यात टाकून छाती पिटून घेण्यापेक्षा हे प्रामाणिक विवेचन कितीतरी अधिक भिडते.

आणि अॅपोमॅटॉक्स. ९ एप्रिल १८६५ची शरणागती सांगण्याआधी ग्रांट एक आख्यायिका निकालात काढतो: दक्षिणेचा सेनापती ली सफरचंदाच्या झाडाखाली शरण आला ही लोकांची कल्पना. त्याआधी आपली रात्रभरची डोकेदुखी, आणि लीची चिठ्ठी हाती पडताच ती थांबली ही बाब. मग नव्या गणवेशात, भारी तलवार लावलेला ली, आणि समोर साध्या शिपायाच्या डगल्यावर पदाच्या फिती लावलेला तो स्वतः. जुन्या दिवसांच्या गप्पा अशा रंगतात की भेटीचा हेतू विसरायला होतो. आठवण लीलाच करून द्यावी लागते. शत्रू शौर्याने लढला म्हणून विषाद, आणि ज्यासाठी लढला ते कारण निंद्य होते हा ठाम निवाडा, हे दोन्ही भाव तो एकाच श्वासात सांगतो. सैनिकांना शेतीच्या कामाला आपापले घोडे नेऊ द्यावेत हा निर्णय, आणि विजयाच्या तोफा बंद करण्याचा हुकूम, इतक्या साधेपणाने येतात की त्यातले औदार्य वाचकालाच ओळखावे लागते. औचित्यविचाराचा असा वस्तुपाठ गद्यात विरळा.

राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षे या पुस्तकात जवळजवळ नाहीत. तिथला ग्रांट समजून घ्यायला दुसरी पुस्तके शोधावी लागतात. पण जेवढे सांगायचे ठरवले तेवढे त्याने निर्मळ सांगितले. सैन्यात, कचेरीत, महाविद्यालयात किंवा चर्चच्या सेवेत हयात घालवून जे आता आठवणी लिहायला बसले आहेत, त्यांनी आधी हे दोन खंड वाचावेत. आपल्या कामाला आणि विरोधकाच्या कामाला एकच माप कसे लावावे, हे शिकवणारे इतके चांगले पुस्तक माझ्या वाचनात दुसरे नाही.