ऐतिहासिक सुटकेची पटकथा आणि लॉगलाइन : पावनखिंडीच्या संदर्भात

नायक, त्याचे उद्दिष्ट आणि त्यातील अडसर एका वाक्यात सांगणारे कथासूत्र म्हणजे लॉगलाइन होय. ऐतिहासिक सुटकेच्या पटकथेत ते रचताना पेच उद्भवतो, कारण शेवट प्रेक्षकास ठाऊक असतो. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून पन्हाळ्याहून विशाळगडी पोहोचले. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘पावनखिंड’ (२०२२) या चित्रपटाचा विषय हाच आहे.

‘वेढ्यात अडकलेला राजा निसटू पाहतो’ हे सूत्र येथे निष्प्रभ ठरते. त्याऐवजी ‘राजा गडावर पोहोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत मूठभर मावळ्यांनिशी एका सरदाराला खिंड रोखून धरायची आहे’ असे म्हटले, की बाजीप्रभू नायक होतात आणि सारी उत्कंठा तोफांच्या प्रतीक्षेत एकवटते. तोफांचा तपशील परंपरेने आलेला असला, तरी नाट्याचा कणा तोच.

मात्र या सूत्रात शिवा काशीद कोठेच बसत नाही. महाराजांच्या वेषात पालखीतून जाऊन शत्रूच्या हाती लागलेल्या या वीराशिवाय सुटकेची कथा अपुरी आहे. ‘एक जण राजाचा वेष घेऊन शत्रूस चकवतो, दुसरा खिंड अडवतो’ हे सूत्र काहीसे लांबते. तरीही पटकथाकाराने तेच स्वीकारणे इष्ट, अन्यथा पहिले बलिदान केवळ उपकथानक ठरते.